दूध घटेल हे लस टोचायच्या आधी सांगायला नको का?

पांदणवाट
गेल्या आठवड्यात आमच्या घरात दोन लसी झाल्या. नातीला दीड महिन्याची, पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट आणि गायीला लाळ्या-खुरकुतची. नातीच्या वेळी सिस्टरनं सुनेला अर्धा तास अंगणवाडीतच बसवून ठेवलं. रात्री ताप येईल, मांडी लाल होईल, कडक लागेल, चोळू नका म्हणाली. पॅरासिटामॉलच्या ड्रॉपरवर नखानं खूण करून दाखवली, याच्या वर एक थेंब नाही. रात्री ताप आला, घरात कोणी घाबरलं नाही.

गायीच्या वेळी एक मुलगा आला, मानेत सुई टोचली, कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिला आणि पुढच्या गोठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी मानेवर लिंबाएवढी गाठ. गाय कुटार हुंगून सोडून देत होती, सहा लिटर दूध साडेतीनवर आलं. पाच दिवसांत सगळं ठीक झालं, पण तोवर शेजारच्या तिघांनी ठरवून टाकलं की पुढच्या खेपेला ढोरं पहाटेच वावरात न्यायची. दुष्परिणाम आहे तर तो आधी सांगा, एवढंच माझं म्हणणं.

बर्फाचा डबा
काका, मी हेच काम करतो. ऊन चढायच्या आत ऐंशी-नव्वद जनावरं करायची असतात, लस थंड राहिली पाहिजे. एका गावात मी सांगून पाहिलं. दूध घटेल म्हटल्याबरोबर चार जणांनी गोठ्याचं फाटक लावून घेतलं. खुरकुत मग त्याच चार गोठ्यांतून गावात शिरते. आधी टोचू, मग सांगू, हेच मला बरोबर वाटतं.

डवरा
सांगा का नोका सांगू, पन टोचा जी. २०२२ ले लम्पी आली तवा माह्या ढवळ्याच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी आल्या, पाय सुजून खांबासारखे झाले. खाली बसला तो उठलाच नाही. लम्पीसाठी तवा शेळीच्या देवीचीच लस टोचत, ते आमच्या गावात पोचली ते तो गेल्यावर आठ दिवसानं. काका, तुमचं पाच दिवसाचं दूध गेलं. माहा बैल गेला, भर डवरनीत.

गावरान
डवराभाऊ, तुमचं दुःख समजतं, पण माझंही ऐका. माझी गाय आठ महिन्यांची गाभण होती. टोचली आणि नवव्या दिवशी गाभ गेला. मी कोणाला विचारायचं? तेव्हापासून माझ्या गोठ्यात सुई नाही. देशी जनावर अंगच्या ताकदीवर निभावतं.

बर्फाचा डबा
दादा, इतक्या पुढच्या महिन्यांतली गाभण गाय मोहिमेत टोचायची नसते. चार महिन्यांच्या आतलं वासरूही नाही. तुम्हाला विचारलं नाही, ही आमचीच चूक. पण गाभ लसीनंच गेला का, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. ब्रुसेलोसिस नावाच्या जंतूंच्या आजारानंही शेवटच्या महिन्यांत गाभ जातो. आणि लम्पीत तर देशी बैलही गेले, डवराभाऊंनी आत्ताच सांगितलं.

तुरीची पऱ्हाटी
तपास व्हायला आधी नोंद पाहिजे ना? जनावराला डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवायचं औषध टोचलं की ते लंगडायचं थांबायचं, म्हणून सगळ्यांना ते औषध चांगलंच वाटलं. मेलेली ती जनावरं खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले, हे फार उशिरा कळलं. जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये, तोवर आपल्याकडचं आभाळ रिकामं झालं होतं. घरातल्या गोळ्यांचंही तेच. माझ्या बहिणीनं ताप आलेल्या मांजरीला अर्धी पॅरासिटामॉल दिली, लेकराला चालते म्हणून. मांजरीला ती विषच असते. हिरड्या निळ्या-तपकिरी पडल्या, दुसऱ्या दिवशी मांजर गेली. माणसाच्या औषधानं त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ वर फुकट नोंदवता येतो. आमच्या गावात हा नंबर कोणाला ठाऊक नाही. जनावरासाठी निदान दवाखान्याच्या वहीत लिहून घ्यायला लावा.

पांदणवाट
बर्फाचा डबावाले भाऊ, पुढच्या खेपेला मी तुमच्यासोबत फिरतो. गाभण किती महिन्यांची ते तुम्ही विचारा. गाठ किती मोठी आणि दूध किती दिवस घटतं ते मी सांगतो, माझ्या गायीच्या मानेला हात लावून पाहू दे त्यांना. ज्या तिघांनी ढोरं वावरात न्यायचं ठरवलं, त्यांच्याकडं आधी जाऊ.

गावरान
माझ्याकडंही या. पण गाभण गायीला हात लावू देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.