कांदिवलीत फायबर सतत तुटतंय, सॅटेलाइट नेटसाठी थांबू का?

कांदिवलीकर:
आमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण सुरू झाल्यापासून फायबर चार वेळा तुटलं. मागच्या आठवड्यात दोन दिवस नेट नव्हतं. मुलीने परीक्षा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिली, अर्ध्यात तोही गेला. रडली बिचारी. सॅटेलाइट नेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, वनवेब आणि जिओ-एसईएस या कंपन्यांकडे तो आधीपासून आहे. एवढे जण उतरतायत तर दर उतरतील ना? इमारत सात मजली, गच्चीवर डिश लावायला सोसायटी तयार आहे.

जुना व्हीसॅटवाला:
थांबू नका. वीस वर्षं बँकांच्या शाखांवर आणि एटीएमवर व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या छोट्या डिश बसवल्या, म्हणून सांगतोय. त्या डिशचे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर, आपल्याला एकाच जागी दिसणारे. महाडजवळ एका शाखेच्या गच्चीवर भर पावसात डिश जुळवली होती: पान्याने नट पाव फेरा फिरवायचा, मीटर बघायचा, परत पाव फेरा. एकदा लॉक झाली की वर्षानुवर्षं हात लावायचा नाही, फीडच्या (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या नळकांड्याच्या) तोंडाशी गांधीलमाश्यांनी घर केलं तर तेवढं काढायचं. पण सिग्नल वर जाऊन खाली येणार, उत्तर परत त्याच वाटेने. त्यातच अर्धा सेकंद जातो. एटीएमला चालतं, व्हिडिओ कॉलला जीव नकोसा होतो.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे तो उशीर उरत नाही. मात्र ते पळते आहेत. काही मिनिटांत एक निघून जातो, अँटेना आपोआप दुसरा धरते. त्यासाठी आभाळ मोकळं हवं. शेजारी उंच इमारतीचा टॉवर असेल तर उपग्रह त्याच्याआड गेला की कॉल तुटणार. शिवाय एका बीमखाली, म्हणजे उपग्रहाचा एक झोत पडतो तेवढ्या भागात, येणाऱ्या सगळ्यांत तेवढीच क्षमता वाटली जाते. कंपन्या चार झाल्या तरी मुंबईच्या दाटीत हे गणित फायबरपुढे टिकत नाही. दुसऱ्या बाजूच्या गल्लीतून येणारं दुसरं फायबर घ्या.

वेसावकर:
काका, आमच्या बोटींचं काय? किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइल मुका. भाऊ सात-आठ दिवस बाहेर असतो, आई रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन विचारते. आम्हाला स्पीड नको, दिवसाला एक निरोप आला तरी पुरे.

जुना व्हीसॅटवाला:
दादा, खरी गरज तुमचीच आहे. फक्त घरचा प्लॅन घेऊन डिश बोटीवर ठेवू नका. समुद्रातल्या सेवेला २०१८ पासून वेगळे नियम आहेत. तुमच्या मच्छीमार सोसायटीतर्फे एकत्र मागणी करा, कंपन्यांत चुरस आहे तोवरच दर पाडून मिळेल. आणि डिशच्या केबलच्या कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग (स्वतःलाच चिकटणारी रबरी) टेप घट्ट गुंडाळा, खारं पाणी आधी तिथेच शिरतं.

कांदिवलीकर:
आत्ताच गच्चीवर जाऊन आलो. दक्षिणेला एक टॉवर उभा, पश्चिमेला दुसऱ्याचं काम चालू. मागच्या गल्लीतल्या केबलवाल्याला फोन केलाय, शनिवारी वायर टाकतो म्हणाला. मुलीचा पुढचा पेपर सोमवारी आहे.