तुरुंगातला खेळ: हक्क की बक्षीस?

धागाकर्ता: कैद्यांना कसं वागवावं याबद्दल संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला २३वा नियम स्पष्ट आहे. ज्याला बाहेरचं काम नाही अशा प्रत्येक कैद्याला, हवामान ठीक असेल तर, रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळाला पाहिजे. तरी अनेक तुरुंगांत मैदान चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून उघडतं. हे मुळातच चूक आहे. ज्याचं डोकं लवकर तापतं, त्यालाच आधी वगळलं जातं आणि गरज सर्वांत जास्त त्यालाच असते.

चौकट: व्यायामाचा तास मान्य. पण सामने वेगळे, त्यांचा त्या नियमात उल्लेखही नाही. बराकीनुसार संघ पाडलेत तर टोळ्यांना आयती जर्सी मिळते. मैदानात बसलेली लाथ रात्री बराकीत वसूल होते. डंबेलच्या सुट्या चकत्या म्हणजे तर हातात दिलेलं हत्यार. शिवाय शिपाई कमी पडले की पहिली कात्री खेळालाच लागते, आणि जाहीर करून रद्द केलेला सामना जास्त भडका उडवतो.

धागाकर्ता: हा दोष आखणीचा आहे, खेळाचा नाही. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा, चार सामन्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाका. सात-सात खेळाडू, वीस मिनिटांची दोन सत्रं, म्हणजे कैद्यांच्या दोन गणतींच्या मधे सामना बसतो. वजनांऐवजी जमिनीत पक्का रोवलेला आडवा बार आणि जोर-बैठका. साहित्याच्या पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खाचा हवा, म्हणजे रिकामा खाचा झाकण उघडताच दिसतो. चेंडू सगळेच मोजतात, हवा भरायच्या पंपाची सुई कोणी मोजत नाही!

आणि पंच कैद्यांमधलेच हवेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगातल्या राजकीय कैद्यांनी १९६० च्या दशकात मकाना फुटबॉल असोसिएशन उभारली, ती फिफाच्या नियमावलीवर. पंच त्यांचे, तक्रारींची सुनावणीही त्यांचीच.

नाडी: मैदानात उतरवण्याआधी रक्तदाब, क्षयाची लक्षणं आणि व्यसन नुकतंच तुटलंय का, एवढं तरी तपासा. ज्यांना धावणं झेपणार नाही त्यांच्यासाठी बुद्धिबळाचे पट ठेवा.

चौकट: रॉबेन बेटावर संघटना त्यांच्या रक्तातच होती. इथे कच्चा कैदी आज आहे, उद्या जामिनावर. पंच टिकवणार कसे?

धागाकर्ता: जोडीने नेमून. एक लांबची शिक्षा भोगणारा, एक नवा. नव्याने आधी तीन सामने फक्त गुणलेखन करायचं. आणि लाल कार्ड मिळालं तर पुढचा सामना बंद, रोजचा तास नाही.