कुकर लावला की सतरंजी

चार दिवस प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरायचा व्यायाम) जोरात होतो आणि पाचव्या दिवशी सतरंजी गुंडाळलेलीच राहते, त्यातलीच मी! माझं चुकायचं ते घड्याळामुळे. दोन मिनिटांचा हट्ट धरायचे, मग कंबर झोळीसारखी लोंबायची आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरायची.

कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल जेमतेम 10 सेकंद धरून ठेवायला सांगतात. व्यायाम तीनच: कर्ल-अप (उताणं झोपून डोकं नि खांदे जरासे उचलायचे), साइड प्लँक (कुशीवर होऊन एका कोपरावर अंग सरळ उचलून धरायचं) आणि बर्ड डॉग (रांगत्या बाळासारखं होऊन उजवा हात नि डावा पाय लांब करायचा, मग उलट). आवर्तनं उतरती, म्हणजे आधी 6, मग 4, मग 2. श्वास रोखायचा नाही. कंटाळा यायच्या आत संपतं, खरी मेख तीच.

वेळ मी कुकरला बांधलीय. वरणभात लावला की सतरंजी टाकायची. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी व्यायामाचेही खाडे मांडते. (सासूबाई म्हणतात, "तुझ्यापेक्षा दूधवाला बरा!") पोटाचा घेर काही फारसा हललेला नाही, पण भरलेली बादली उचलताना हात आता कंबरेवर जात नाही.