डब्याच्या दारातली मुलगी: सोमवारी मुलांना काय सांगू?

गिरणगावची_बाई:
परळच्या एका मराठी शाळेत नववीला इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाचा तास आला की गेली अकरा वर्षं एकच फोटो दाखवत आले. मालगाडीच्या डब्याच्या दारातून बाहेर बघणारी मुलगी, डोक्याला फडकं बांधलेलं. "ही ज्यू मुलगी," असं दरवर्षी सांगितलं. परवा कळलं, ती सिंती होती, म्हणजे रोमांपैकी, ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्यातली. नाव सेटेला स्टाइनबाख, वय 9. 19 मे 1944ला हॉलंडच्या वेस्टरबोर्क छावणीतून गाडी सुटताना ते चित्रण झालं. केस भादरले होते म्हणून ते फडकं. आउशवित्झच्या नाझी छावणीत तिला, आईला, भावंडांना मारलं. बाकी जगही तिला ज्यूच समजत होतं. आद वागेनार या डच पत्रकाराने 1994 साली तिचं नाव शोधून काढलं. म्हणजे मी शिकवायला लागले तेव्हा ते नाव माहीत झालेलं होतं, मीच शोधलं नाही. दोन रात्री झोप नाही. सोमवारी पुन्हा तोच तास, 35 मिनिटांचा. काय सांगू?

दादरचा_वाचक:
बाई, आउशवित्झ-बिर्केनौमध्ये रोमा-सिंतींचा वेगळा विभाग होता. सुमारे 23,000 जणांना तिथे नेलं, जवळपास 21,000 मेले. 2 ऑगस्ट 1944च्या रात्री उरलेल्या चार हजारांवर लोकांना गॅसने मारून विभागच रिकामा केला. पण मी असतो तर युद्धानंतरचं आधी सांगितलं असतं. 1956 साली पश्चिम जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं, 1943च्या आधी त्यांच्यावर जे झालं तो वंशद्वेष नव्हे, तो गुन्हेगारीचा बंदोबस्त. झालं, भरपाईचे अर्ज फेटाळायला तेवढं पुरलं. हा वंशसंहार होता हे चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी मान्य केलं 1982ला. तोवर किती म्हातारे वाट बघत गेले असतील!

पालावरचा:
मी पारधी, राहायला मानखुर्दला. "गुन्हेगारीचा बंदोबस्त" वाचलं आणि पणजोबा आठवले. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे आमच्याकडेही आला, पणजोबांना रोज पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची. कायदा 1952ला गेला. पण आजही वस्तीजवळ चोरी झाली की पहिली चौकशी आमच्या घरी. आम्हाला गॅसच्या खोलीत नेलं नाही, त्यामुळे बरोबरी करत नाही. फक्त सुरुवात कागदावर कशी होते, ते पोरांना दाखवा. आणि एक करा. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्या भारतातूनच निघालेले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, आकडे एक, दुई, त्रिन. पोरांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

गिरणगावची_बाई:
तास झाला. आधी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, मग फोटो लावला. एक, दुई, त्रिन सगळ्यांनी म्हटलं. माझी चूकही सांगितली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या ताईच्या वर्गाला पण चुकीचंच सांगितलंत ना?" ताई दहावीत आहे. उद्या पहिला तास मागून घेतलाय.