ओहळातला तो ठसा: अन्कसची करामत की कूपरची थाप?

रानवाट: कूपरच्या 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' या कादंबरीत (1826) ह्युरॉन जमातीचा मागुआ ब्रिटिश सेनाधिकारी मन्रोच्या मुली कोरा-अ‍ॅलिसला पळवतो आणि माग झऱ्यापाशी संपतो. मग पाणी वळवलं की तळाशी मोकॅसिनचा (मऊ चामडी पादत्राणाचा) ठसा हजर! मार्क ट्वेनने 1895मध्ये याची पिसं काढली, ती उगाच नाही. वाहत्या पाण्यात ठसा राहतोच कसा?

चकमक: ट्वेन बाजूला ठेवून मूळ प्रकरण वाचा. ट्वेन ही करामत मोहिकन सरदार चिंगाचगूकच्या नावावर टाकतो. कादंबरीत ती त्याच्या मुलाची, अन्कसची आहे. आणि ट्वेन ज्याला वाहता प्रवाह म्हणतो, तो आहे झऱ्यातून झिरपणारा गढूळ ओहळ. अन्कस नुसती माती आडवी ओढून तो वळवतो, पात्र उघडं पडल्यावर वाकून बघतो. ठसा मोडतो तो सुट्या वाळूत, कारण तिचे कण सहज वाहून जातात. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात. संथ पाण्यात कडा बोथट होतील, पण चवडा-टाच कळेल.

रानवाट: कडा जाऊ द्या, गाळाचं काय? ओहळ गढूळ आहे असं तुम्हीच म्हणता. पाणी संथ असेल तर तोच गाळ ठशाच्या खळग्यात बसणार. मन्रोचा विल्यम हेन्री किल्ला फ्रेंचांच्या हाती पडल्यावर तिसरा दिवस मावळताना माग काढणारी मंडळी किल्ल्यापाशी पोचतात, पुढे होडीतून पाठलाग, आणि मग कुठे हा ओहळ. तोवर खळगा भरून सपाट.

चकमक: गाळाचा मुद्दा मान्य. पण मग 'ठसा जरा जास्तच ताजा आहे' म्हणा. अशक्य म्हणू नका.

लोरेट: ठशापेक्षा मोठा घोळ कादंबरीत मुख्य शत्रू केलेल्या ह्युरॉनांचा आहे. ह्युरॉन जमातींचा संघ त्यांच्या शत्रू इरोक्वॉय जमातींनी 1649च्या सुमारास मोडला होता. 1757मध्ये या किल्ल्याला पडलेल्या वेढ्यात फ्रेंच सेनापती मॉन्टकामसोबत तीसहून जास्त जमातींचे सुमारे 1,800 योद्धे होते, त्यात ह्युरॉन मूठभर. कूपरची भिस्त हेकेवेल्डर या मिशनऱ्यावर, आणि तो डेलावेअर जमातीच्या बाजूचा. म्हणून डेलावेअर-मोहिकन तेवढे थोर, बाकी सगळे 'मिंगो' (शत्रू जमातींसाठी तुच्छतेचा शब्द). किल्ला पडल्यानंतरच्या कत्तलीतल्या मृतांचा आकडाही कूपरच्या तळटीपेत 500 ते 1,500. आजचे अंदाज 200च्या आत.

चकमक: आकडा फुगवलाय, खरंच. पण मागुआ नुसता राक्षस नाही. गोऱ्यांनी दारू पाजली, दारूपायी जमातीने हाकललं, आणि पुन्हा दारू प्यायला म्हणून मन्रोने चाबकाने फोडला. हा हिशोब कूपर त्याच्याच तोंडून मांडतो.

लोरेट: मांडतो, आणि लगेच त्याच्या हाती कुऱ्हाड देऊन वाचकाला तो विसरायला लावतो.