मदत हवी आहे: १९६९ प्लिमथ रोडरनर (३८३) – ॲमीटरचा काटा नाचतो, गरम इंजिन पुन्हा चालू होत नाही, आणि इंजिन मूळचंच का?

सागर_मिशिगन:
मंडळी, जुन्या मोपार (क्रायस्लर कंपनीच्या) गाड्यांची माहिती असणाऱ्यांची मदत हवी आहे. गाडी १९६९ ची रोडरनर कूपे, ३८३ घनइंची इंजिन, चार-बॅरल कार्ब्युरेटर, ७२७ टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात आरएम२१एच९जी अशी. वायरिंग, कार्ब्युरेटर, अल्टरनेटर सगळं जुनंच दिसतं, कुठे कापाकापी नाही. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला) गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची आहे.

अडचणी तीन.
१) आयडलवर हेडलाइट मंद होतात, रेस केलं की उजळतात. इंडिकेटर लावला की ॲमीटरचा काटा त्याच तालावर हलतो. अर्धा तास चालवल्यावर डॅशबोर्डमागून गरम प्लास्टिकसारखा वास येतो.
२) थंड इंजिन लगेच चालू होतं. पण पेट्रोल भरायला दहा-पंधरा मिनिटं थांबलं की सेल्फ फिरत राहतो, इंजिन पकडत नाही.
३) विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार इंजिन कारखान्यातलंच आहे. ते कुठे आणि कसं तपासायचं?

मूळ भाग शक्य तितके राखायचे आहेत.

तारमास्तर:
पहिल्या अडचणीपासून सुरू करा, कारण त्या वासाचा शेवट आगीत होऊ शकतो. काम होईपर्यंत गाडी रात्री बाहेर काढू नका, आणि उभी असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून ठेवा.

या गाडीत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डमधून फिरून येतो. अल्टरनेटरची जाड काळी तार फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) बल्कहेड कनेक्टरमधून आत जाते. आत एका वेल्ड केलेल्या सांध्यावरून तिला हेडलाइट, इग्निशन वगैरेंचे फाटे फुटतात. तिथून ॲमीटर, मग लाल तार पुन्हा त्याच कनेक्टरमधून बाहेर, फ्यूजिबल लिंकमधून (जास्त प्रवाहाला वितळणाऱ्या तारेच्या तुकड्यातून) स्टार्टर रिलेवर, आणि तिथून बॅटरीला. कनेक्टरमधल्या पाव इंची चपट्या पिना त्या काळच्या भाराला पुरत होत्या. पन्नासहून जास्त वर्षांत त्यांच्यावर गंज चढतो, पकड ढिली होते, रोध वाढतो आणि प्लास्टिक वितळू लागतं.

काही उघडण्याआधी मोजमाप घ्या. इंजिन गरम, सुमारे १५०० आरपीएम, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. बॅटरीच्या दोन टोकांत किती, आणि अल्टरनेटरच्या आउटपुट स्टडपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत किती ते बघा. मग डॅशवरचा मीटरांचा क्लस्टर सैल करून तीन टप्पे घ्या: स्टड ते ॲमीटरची काळ्या तारेची बाजू, ॲमीटरच्या दोन स्टडांमध्ये, आणि लाल बाजू ते बॅटरी पॉझिटिव्ह. ॲमीटरचे दोन्ही स्टड किल्ली बंद असतानाही जिवंत असतात. म्हणून क्लस्टर काढताना निगेटिव्ह सोडलेली हवी, आणि पुन्हा जोडण्याआधी स्टड कुठल्याही पत्र्याला टेकत नाहीत याची खात्री हवी. आकडे इथे टाका.

बेल्ट_ढिला:
एवढा खटाटोप कशाला? शंभर अँपिअरचा नवा अल्टरनेटर बसवा, आयडललाही लाइट लख्ख.

तारमास्तर:
कृपया तसं करू नका. मूळ अल्टरनेटर ३७ किंवा ४६ अँपिअरच्या वर्गातला. मोठा बसवलात आणि बॅटरी उतरलेली असली, तर पहिल्या काही मिनिटांत दुप्पट प्रवाह त्याच खराब पिनांतून जाईल. वायरिंग जळालेल्या कित्येक गाड्यांमागे हीच ‘सुधारणा’ असते. याच कारणासाठी उतरलेली बॅटरी गाडीवर चार्ज होऊ देऊ नका, चार्जर लावा.

सागर_मिशिगन:
आकडे घेतले. स्टडवर १४.८, बॅटरीवर १३.५. टप्प्यांनी: काळी बाजू ०.८, ॲमीटर ०.१, लाल बाजू ०.४. रेग्युलेटर बिघडलाय का? १४.८ जास्त वाटतात.

तारमास्तर:
रेग्युलेटर ठीक आहे. तो इग्निशनच्या तारेवरून व्होल्टेज वाचतो, आणि ती तार त्या आतल्या सांध्यावरून निघते. तिथे १४.८ वजा ०.८ म्हणजे १४.० आहेत, म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर. ॲमीटरही निर्दोष. दोष काळ्या तारेच्या पिनेत सर्वात जास्त, लाल पिनेत त्याखालोखाल. आयडलला अल्टरनेटर कमी पडतो, बॅटरीचा प्रवाह लाल पिनेतून उलटा आत येतो आणि वाटेतच व्होल्ट गमावतो. म्हणून लाइट मंद.

आता काम. निगेटिव्ह सोडा. इंजिनच्या बाजूने कनेक्टरचे प्लग सरळ ओढून काढा, हलवून-वाकवून नको. प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, आधी हेअर ड्रायरने कोमट करा. बाहेरच्या पिना फायबरग्लासच्या पेनने किंवा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. आतली मादी टर्मिनल निळी-काळी पडली असतील तर घासून उपयोग नाही, तापलेल्या पितळेची स्प्रिंग गेलेली असते. ती दोन बदला, आणि क्रिंपिंग ओपन-बॅरल टर्मिनलच्या खास पकडीनेच करा. जोडताना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर.

त्यानंतर समांतर तार. अल्टरनेटरच्या स्टडपासून स्टार्टर रिलेच्या बॅटरी स्टडपर्यंत १० गेजची तार, रिलेच्या टोकाला १४ गेजची फ्यूजिबल लिंक. लिंक तारेपेक्षा चार गेज बारीक, हा नियम. लांबी सहा ते नऊ इंच. ती खऱ्या फ्यूजिबल लिंकच्याच तारेची हवी. साध्या १४ गेज तारेचं आवरण पेट घेतं, लिंकचं आवरण वितळलेलं तांबं आत धरून ठेवतं. मूळ लिंक आणि मूळ तारा जागेवरच राहू द्या. चार्जिंगचा बराचसा प्रवाह आता बाहेरून जाईल, ॲमीटर पूर्वीपेक्षा कमी दाखवेल. ते अपेक्षित आहे. काटा जिवंत राहतो आणि उद्या कुणाला मूळ स्थिती हवी असेल तर दोन नट सोडले की झालं.

हेडलाइटसाठी दोन ३० अँपिअरचे रिले लावा, एक लो, एक हाय. लोमध्ये बाहेरचे दोन दिवे लागतात, हायमध्ये चारही. म्हणून हायच्या तारा १२ गेज घ्या. मूळ सॉकेटमध्ये खुपसायचं तयार हार्नेस मिळतं, कापायला काही लागत नाही.

नंतर तीच मोजणी पुन्हा करा. स्टड ते बॅटरी पॉझिटिव्ह ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं.

कार्बकाका:
दुसऱ्या अडचणीकडे येतो. मूळ असेल तर तुमच्या गाडीवर कार्टर एव्हीएस कार्ब्युरेटर आहे. गरम इंजिन न पकडण्याची दोन अगदी उलट कारणं असतात आणि उपाय वेगळे, त्यामुळे आधी बघा, मग खर्च करा.

गाडी चांगली गरम करून बंद करा. पंधरा मिनिटांनी एअर क्लीनर काढून टॉर्चच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या घशात बघा. बूस्टरमधून पेट्रोल ठिबकत असेल किंवा मॅनिफोल्ड ओला असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली सांडतंय, म्हणजे इंजिन फ्लड. तेव्हा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. पंप करायचा नाही, प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल आत जातं. उलट, थ्रॉटल हलवल्यावर ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी उडतच नसेल तर वाटी रिकामी आहे किंवा लाइनमध्ये वाफ अडकली आहे.

उकळणं असेल तर पहिला संशयित एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली उष्णतेची झडप. थंडीत गरम धूर कार्ब्युरेटरखालून फिरवायला ती असते. गंजून बंद स्थितीत अडकली की उन्हाळ्यातही कार्ब्युरेटर भाजत राहतं. थंड इंजिनवर तिचं वजन हाताने फिरतं का बघा. फिरत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून शाफ्टच्या टोकांना हलके ठोके, रात्रभर मुरू द्या, पुन्हा ठोके. जोर लावला तर शाफ्ट मोडतो.

एवढ्यावर भागलं नाही तर कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक फिनॉलिक स्पेसर. तो बसवण्याआधी एअर क्लीनरच्या झाकणावर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट हळू बंद करा आणि किती चेपले ते मोजा. आणि हे अजिबात विसरू नका: कार्ब्युरेटर वर गेलं की ७२७ च्या थ्रॉटल-प्रेशर लिंकेजची लांबी बदलते. ती पुन्हा जुळवली नाही तर गिअरबॉक्सला दाब कमी मिळतो आणि आतले क्लच जळतात. पूर्ण थ्रॉटलला लिव्हरही आपल्या शेवटच्या टोकाला पोचला पाहिजे.

वाफ अडकत असेल तर तीन नळ्यांचा फिल्टर लावा. क्रायस्लरने स्वतःच काही गाड्यांवर तो दिला होता. तिसरी, बारीक छिद्राची नळी वरच्या बाजूला ठेवायची आणि ती परतीच्या लाइनने टाकीत न्यायची. वाफ तिकडे निघून जाते.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, हे लक्षात घेऊन टाकीजवळचे आणि पंपाजवळचे रबरी होज ३०आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या) दर्जाचे घाला. जुना होज आतून सोलतो आणि त्याचे कण फ्लोटच्या सुईखाली बसतात, मग सगळी लक्षणं फ्लडिंगसारखीच दिसतात.

शिक्का_शोधक:
तिसरा प्रश्न. आधी व्हीआयएन वाचू. आर म्हणजे प्लिमथची बेल्व्हेडेअर-सॅटेलाइट मालिका, एम म्हणजे रोडरनरची किंमतश्रेणी, २१ म्हणजे मध्ये खांब असलेली दोन दारी कूपे (२३ हार्डटॉप, २७ कन्व्हर्टिबल), एच म्हणजे ३८३ चार-बॅरल, ९ म्हणजे १९६९, आणि जी म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्याचं अक्षर ए.

इंजिनवर दोन वेगळे शिक्के बघायचे. पहिला वर, पुढच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट जागेवर: ई ३८३ आणि त्यासोबत एचपी (हाय परफॉर्मन्स). ई हे १९६९ चं अक्षर, डी १९६८ चं, एफ १९७० चं. हा शिक्का बरोबर असला तरी इंजिन याच गाडीचं आहे हे सिद्ध होत नाही, फक्त त्या वर्षाचं आहे एवढंच कळतं. निर्णायक शिक्का खाली, ब्लॉकच्या कडेला, ऑइल पॅनच्या पट्टीजवळ, गाडी वर उचलल्यावर दिसतो. तिथे ९, जी आणि शेवटचे सहा आकडे तुमच्या व्हीआयएनशी जुळायला हवेत. तेलकट थर डीग्रीझर आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर नको, शिक्का उथळ असतो. ७२७ च्या केसवर, पॅनच्या वरच्या कडेला, हेच आकडे शोधा.

मग बॉडी. रेडिएटरच्या आधारपट्टीवर आणि डिकीच्या रबराखालच्या पत्र्यावरही हेच आकडे ठोकलेले असतात. डॅशवरची पट्टी फुलाच्या आकाराच्या रोझेट रिव्हेटांनी बसवलेली हवी. साधे पॉप रिव्हेट दिसले तर थांबा आणि विचारा. डाव्या फेंडरच्या आतल्या टॅगवर ई६३ हा ३८३ चा कोड. मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये, कार्पेटखाली आणि टाकीच्या वर ब्रॉडकास्ट शीट (कारखान्यातला, त्या गाडीच्या भागांच्या यादीचा कागद) शोधा. कागद कुजलेला असतो, ओढू नका. फोटो आधी, मग सपाट पुठ्ठ्यावर सरकवून काढा.

सिलिंडर हेडवर शेवटी ९०६ असा ओतीव क्रमांक मिळाला तर उत्तम. ३३५ हॉर्सपॉवरच्या ३८३ ला ४४० मॅग्नमचेच हेड, कॅम आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड होते.

बेल्ट_ढिला:
गाडी एवढी चांगली आहे तर तीन कार्ब्युरेटरचं ४४० सिक्स-बॅरल बसवून ए१२ (रोडरनरची त्या इंजिनाची खास आवृत्ती) बनवा ना, किंमत किती तरी वाढेल.

शिक्का_शोधक:
वाढणार नाही. अस्सल ए१२ च्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षर एम असतं आणि त्या गाड्या लिंच रोडला बनल्या. आरएम२१एच९जी वाचताच कुठल्याही जाणकाराला नक्कल कळेल. १९६९ च्या रोडरनर ऐंशी हजारांहून जास्त बनल्या, तेव्हा ३८३ कूपे आकड्याने दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती न कापलेली वायरिंग, मूळ ब्लॉक आणि जुने शिक्के. ते एकदा गेले की कितीही पैसे टाकून परत येत नाहीत. सागर, काढलेला प्रत्येक भाग, अगदी जळकं टर्मिनलसुद्धा, नाव लिहून पिशवीत ठेवा. हॉर्नही सांभाळा, जांभळ्या रंगाचा, वर रोडरनरचं स्टिकर असलेला मूळ हॉर्न आता सहज मिळत नाही.

कार्बकाका:
न विचारलेलं एक सांगतो, कारण याने इंजिन जातं. मूळ ३८३ च्या कॅम गिअरला ॲल्युमिनियमवर नायलॉनचे दात असतात. ते वयाने ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पिकअपच्या जाळीत अडकतात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, क्रँक पान्याने एका दिशेला फिरवून थांबा, मग उलट फिरवा आणि रोटर हलेपर्यंत क्रँक किती अंश फिरला ते बघा. आठ-दहा अंशांच्या वर असेल तर चेन आणि दोन्ही गिअर बदला, नवे लोखंडी. त्याच वेळी पॅन उतरवून जाळी साफ करा. कॅम फ्लॅट टॅपेटचा आहे, म्हणून तेलात जस्ताचं प्रमाण १२०० पीपीएमच्या आसपास हवं. फिल्टरसकट पाच क्वार्ट.

आणि ग्लोव्हबॉक्समध्ये एक बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनच्या वाटेतला रोधक) ठेवा. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताच मरतं, असं झालं तर तोच गेला समजायचं. जागेवर दोन मिनिटांत बदलतो.

सागर_मिशिगन:
सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या तारेचं मादी टर्मिनल पूर्ण काळं निघालं, दोन्ही बदलली, समांतर तार टाकली. आता स्टड ते बॅटरी ०.२ व्होल्ट, वास नाही. उष्णतेची झडप बंद स्थितीतच अडकलेली होती, ती मुरत ठेवली आहे. ब्लॉकवरचे आकडे जुळले, गिअरबॉक्सचेही!
ब्रेक बघायला चाकं काढतोय. उजवीकडची निघाली, पण डावीकडचा एकही नट हलत नाही. लांब पाइप लावून जोर देऊ का?

तारमास्तर:
थांबा, पाइप लावू नका! १९७० पर्यंतच्या या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर एल कोरलेला दिसेल. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटतील. त्या बाजूचे नट वेगळ्या डब्यात ठेवा, आणि टायरच्या दुकानात गाडी दिलीत तर इम्पॅक्ट गन लावण्याआधी तिथल्या माणसाला स्वतः सांगा. न सांगता दिली तर स्टड तुटून हातात येतात.