वकीलसाहेबांच्या नावाचा चौक हवा की त्यांचं काम?

सड्यावरचा:
वेंगुर्ल्याकडचे आमचे जुने वकीलसाहेब गेले. बाजारातल्या चौकाला त्यांचं नाव द्यायचं घाटतंय. माझा विरोध आहे. त्यांची हयात कुळांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांच्या, कागदांत गेली. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कूळ मालक झालं खरं, पण कूळकायद्याच्या कलम 32 ग खाली जमिनीची किंमत ठरून, ती भरून कलम 32 म चा खरेदीचा दाखला हाती पडेपर्यंत ते मालकपण अर्धवटच. आमच्या वाडीत कित्येकांनी तो घेतलाच नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात पणजोबा कूळ म्हणून तसेच राहिले. वकीलसाहेब अशा घरी जाऊन पेटीतल्या खंडाच्या पावत्या काढायला लावायचे. फी काजूचे पैसे आले की. त्यांची आठवण ठेवायची तर आठवडा बाजाराला एक खोली उघडा आणि लोकांच्या नोटिसा वाचून द्या.

खाडीपलीकडची:
नावाला एवढं कमी लेखू नका. आपले खासदार बॅ. नाथ पै 1971 साली गेले. कुडाळला त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे, म्हणून आजची मुलं निदान विचारतात तरी, हे कोण होते? खोली दोन वर्षांत बंद पडेल.

नवा वकील:
मी जिल्ह्यातच वकिली करतो. साहेबांबद्दल आदर आहे, पण फी न घेणं हाच त्यांचा मोठेपणा ठरवलात तर आम्ही भाडं कशातून भरायचं? त्यांच्यामागे सुपारीची बाग होती. शिवाय 1987 चा विधी सेवा कायदा आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा लोकांना.

सड्यावरचा:
मानधन द्यायलाच हवं, वर्गणी काढू. पण समितीकडे पोचेपर्यंत बहुतेकदा भांडण पेटलेलं असतं. मुंबईतला हिस्सेदार कुलमुखत्यारपत्रावर सही करून मोकळा होतो, आणि गावातल्या काकीला कळतं ते गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, फोडल्यावर. साहेब सहीच्या आधी गाठायचे. गणपतीत चाकरमानी आले की घरोघर बसून सामाईक सातबारा समजावायचे. हे कोण करणार?

माडाखालचो:
सगळ्यांका ते देव वाटतत, माका नाय. आमची पायवाट चुलत्यांनी अडवली, दावा जिंकण्यासारखा होता. साहेबांनी बाबांना तडजोड करायला लावली. आई मरेपर्यंत वळसा घालून पाणी आणत होती. हेही लिहा.

सड्यावरचा:
लिहायलाच हवं. तडजोडीकडे त्यांचा ओढा जास्त होता आणि त्याची किंमत बहुधा गरीब बाजूने मोजली. पण तेव्हा हायकोर्टातलं अपील म्हणजे मुंबई. कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं. तारखांपायी घर विकलेली माणसं त्यांनी पाहिली होती.

माडाखालचो:
ता खरा. पण निवड बाबांची व्हायला हवी होती, साहेबांची नव्हे.

नवा वकील:
हा मुद्दा मला पटतो. खोली झालीच तर तिथे दोन्ही वाटा सांगायच्या, खर्चासकट, आणि ठरवायचं पक्षकाराने. एवढं मान्य असेल तर महिन्यातला एक बाजार माझा.

खाडीपलीकडची:
मग पाटीवर नाव त्यांचंच लावा. त्यावर मी मागे हटणार नाही.